व्हायरल व्हेक्टर लस आणि अ‍ॅडज्युव्हंट: पुण्यातून पेटंट अर्ज करताना

मागच्या महिन्यात पाषाणला एका इन्क्युबेटरच्या कँटीनमध्ये एक मुलगी भेटली. पीएचडी संपवून नुकतीच स्टार्टअपमध्ये आलेली. "ताई, आमची लस अ‍ॅडिनोव्हायरसचा व्हेक्टर वापरून बनवलीय, त्यात अ‍ॅडज्युव्हंट घातलंय. उंदरांत अँटिबॉडी छान वाढतात. आता पेटंटला किती दिवस लागतील?" मी तिला विचारलं, "नुसतं अ‍ॅडज्युव्हंट दिलेल्या उंदरांचा गट ठेवला होता का?" तिनं वहीत पाहिलं आणि मान हलवली. नव्हता.

आमच्याकडेही नव्हता. त्यामुळं जे भोगावं लागलं ते तिच्यावर आणि तुमच्यावर येऊ नये म्हणून हे सगळं लिहून काढतेय. (नवख्यांसाठी: अँटिजेन म्हणजे रोगजंतूचा जो भाग शरीर ओळखतं तो, व्हेक्टर म्हणजे त्याचं जनुक पेशीत पोचवणारा बदललेला विषाणू, आणि अ‍ॅडज्युव्हंट म्हणजे लसीचा प्रतिसाद वाढवणारा पदार्थ.) मी शास्त्रज्ञ आहे, पेटंट एजंट नाही. अर्जासाठी चांगला एजंट घ्याच. पण एजंट तुमच्या फ्रीजरमधल्या ट्यूब उघडून बघत नाही. परीक्षणात जे प्रश्न येतात त्यातल्या निम्म्यांची उत्तरं प्रयोगशाळेतच तयार व्हावी लागतात.

१. आधी प्रयोगाचे गट ठरवा

हा टप्पा मी मुद्दाम सगळ्यात मोठा लिहितेय.

भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(ई) असं सांगतं की घटक नुसते एकत्र केले आणि त्यांच्या गुणांची फक्त बेरीज झाली, तर तो शोध धरला जात नाही. व्हेक्टर आणि अ‍ॅडज्युव्हंट असलेल्या जवळजवळ प्रत्येक अर्जावर ही हरकत येते. आणि इथं एक्झामिनरची, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, बाजू भक्कम असते. अ‍ॅडज्युव्हंटचं कामच मुळी प्रतिसाद वाढवणं. तुरटीच्या कुळातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार लसीत घालायची कल्पना १९२६ सालची आहे. त्यामुळं "आमच्या मिश्रणात अँटिबॉडी तिप्पट वाढल्या" म्हटलं की समोरून उत्तर येतं, "वाढणारच होत्या. त्यासाठीच तर घातलं ना?"

आमच्या पहिल्या अर्जात तीन गट होते: नुसतं बफर (लस नसलेलं द्रावण), नुसता व्हेक्टर, आणि व्हेक्टर अधिक अ‍ॅडज्युव्हंट. आलेखात तीन खांब, तिसरा सगळ्यात उंच. आम्ही त्या आलेखावर खूश होतो. परीक्षण अहवालात त्याच आलेखाचा क्रमांक देऊन लिहिलं होतं की घटकांच्या बेरजेपलीकडं काही घडल्याचं यातून दिसत नाही. वाचल्यावर मी तो आलेख पुन्हा उघडला आणि पहिल्यांदाच चौथा खांब कुठं असायला हवा होता ते डोळ्यांसमोर आलं.

तुम्ही निदान एवढे गट ठेवा:

- नुसतं बफर
- नुसतं अ‍ॅडज्युव्हंट
- अँटिजेनचं जनुक नसलेला रिकामा व्हेक्टर अधिक अ‍ॅडज्युव्हंट
- नुसता व्हेक्टर, दोन वेगळ्या मात्रांत
- व्हेक्टर अधिक तुमचं अ‍ॅडज्युव्हंट, त्याच दोन मात्रांत
- व्हेक्टर अधिक सर्रास वापरलं जाणारं एखादं अ‍ॅडज्युव्हंट, उदाहरणार्थ अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड
- व्हेक्टर एका पायात आणि अ‍ॅडज्युव्हंट दुसऱ्या पायात

शेवटचा गट बहुतेक जण ठेवत नाहीत. दोन्ही घटक एकाच प्राण्यात असूनही वेगळ्या जागी दिल्यावर परिणाम घसरला, तर ते दोघं एकाच कुपीत असण्यालाच अर्थ आहे हे दिसतं, आणि तुमचा क्लेम, म्हणजे अर्जातली हक्काची मागणी, नेमका त्या कुपीवरच असतो. दोन मात्रा ठेवायच्या त्या मात्रा-बचतीसाठी. दहावा हिस्सा व्हेक्टर घेऊन तितकंच संरक्षण मिळालं, तर तो नुसत्या "जास्त अँटिबॉडी"पेक्षा कितीतरी वजनदार मुद्दा ठरतो. अँटिबॉडीच्या जोडीला टी-पेशींचा प्रतिसादही मोजा. प्रतिसाद किती वाढला याइतकंच त्याचा प्रकार बदलला का, हेही महत्त्वाचं असतं.

उंदीर वाढले की खर्च वाढतो, प्राणी नीतिसमितीपुढं जास्त संख्येचं समर्थन करावं लागतं, हे सगळं खरं. आम्हीही त्याच कारणानं गट कापले होते. नंतर तेच गट स्वतंत्रपणे लावावे लागले तेव्हा बफर आणि व्हेक्टरचे जुने गटसुद्धा तुलनेसाठी पुन्हा करावे लागले, म्हणजे प्राणी उलट जास्तच लागले.

व्हायरल व्हेक्टरवाल्यांच्या हातात एक जमेची बाजू असते, ती वापरा. व्हेक्टर हा स्वतःच विषाणू असल्यानं शरीराची पहिली संरक्षण यंत्रणा तो आपणहून जागी करतो. पुण्यात बनलेल्या कोविशिल्डचंच बघा. अर्ध्या मिलिलिटरच्या एका डोसमध्ये चिंपांझीच्या अ‍ॅडिनोव्हायरसपासून बनवलेल्या व्हेक्टरचे ५,००० कोटी कण, सोबत हिस्टिडीन, सुक्रोज, पॉलिसॉर्बेट ८०, इथेनॉल, मीठ असे टिकाऊपणासाठीचे घटक. अ‍ॅडज्युव्हंट नाही. शिवाय व्हेक्टरला पेशीत शिरावं लागतं, तरच अँटिजेन तयार होतं. अ‍ॅडज्युव्हंटनं कण धरून ठेवले किंवा त्यांचं आवरण बिघडवलं, तर परिणाम घटूही शकतो. म्हणजे या क्षेत्रातल्या जाणकाराला हे मिश्रण करायचं सहज सुचलं असतं असं म्हणता येत नाही. हा युक्तिवाद स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, पहिल्या दिवशीच, आकड्यांसकट असू द्या.

२. पोस्टर लावण्याआधी अर्ज दाखल करा

परिषदेतलं पोस्टर, प्रीप्रिंट, प्रबंध, यातलं काहीही अर्जाच्या आधी बाहेर पडलं की तेच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतं. कायद्यात विद्वत्सभेपुढं वाचलेल्या निबंधासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण तिची व्याप्ती फार अरुंद आहे. तिच्या भरवशावर राहू नका. घाई असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. त्यानंतर १२ महिन्यांत कंप्लीट स्पेसिफिकेशन द्यावं लागतं. वरच्या यादीतले राहिलेले गट पूर्ण करायला हेच १२ महिने कामी येतात.

परदेशात आधी अर्ज करायचा विचार असेल आणि शोधक भारतात राहत असतील, तर फॉर्म २५ भरून परवानगी घ्यावी लागते. नाहीतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. ही अट कलम ३९ मधली आहे, ती मोडल्यास शिक्षेची तरतूद आहे.

३. कागदपत्रं गोळा करा

पुणे मुंबई पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतं. कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण सगळं ऑनलाइन भरलं जातं, सुनावणीही व्हिडिओवर होते. पहाटे उठून डेक्कन क्वीन गाठायची वेळ शक्यतो येत नाही. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावा लागतो, मराठीत चालत नाही.

- फॉर्म १: अर्ज. शोधकांच्या सह्या इथंच घ्या.
- फॉर्म २: स्पेसिफिकेशन आणि क्लेम.
- फॉर्म ३: परदेशांतल्या समांतर अर्जांची माहिती.
- फॉर्म ५: शोधक कोण, याचं निवेदन.
- फॉर्म २६: एजंटला दिलेलं अधिकारपत्र.
- फॉर्म २८: स्टार्टअप, लघुउद्योग किंवा शिक्षणसंस्था असल्याचा पुरावा.
- सीक्वेन्स लिस्टिंग: जनुकांच्या आणि प्रथिनांच्या क्रमांची यादी.
- जैविक नमुना जमा केला असल्यास त्याची पावती.
- दुसऱ्या संस्थेकडून पेशी, प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ) किंवा अ‍ॅडज्युव्हंट आणलं असेल तर त्याचा करार.

फॉर्म २८ विसरू नका. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थांना १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपन्यांना ८,०००. परीक्षणाची विनंती अनुक्रमे ४,००० आणि २०,०००. दहाच्या वर प्रत्येक क्लेमला आणि तीसच्या वर प्रत्येक पानाला वेगळे पैसे पडतात.

सह्यांबद्दल कळकळीनं सांगते. आमचा एक शोधक अर्जानंतर पोस्टडॉकसाठी परदेशी गेला, त्याचा ईमेल बदलला, आणि हक्क हस्तांतराच्या एका सहीसाठी आम्ही अनेक आठवडे त्याच्या मागं होतो. हक्काचा पुरावा अर्जापासून सहा महिन्यांत द्यावा लागतो. माणसं एकाच इमारतीत आहेत तोवर सह्या घेऊन टाका.

आणि करार नीट वाचा. अ‍ॅडज्युव्हंट दुसऱ्याकडून "संशोधनापुरतं" आणलेलं असेल, तर त्यातून निघालेल्या शोधावर त्यांचा हक्क सांगणारं कलम करारात बरेचदा असतं. हे परीक्षणात कुणी विचारत नाही. गुंतवणूकदार मात्र पहिल्याच बैठकीत विचारतात.

४. विषाणू, सीक्वेन्स आणि जैवविविधता

तुमचा व्हेक्टर वाचणाऱ्याला केवळ वर्णनावरून बनवता येत नसेल आणि तो कुठं मिळतही नसेल, तर बुडापेस्ट करारानुसार मान्यताप्राप्त संग्रहात नमुना जमा करावा लागतो. भारत या करारात २००१ साली सामील झाला. चंडीगडचं एमटीसीसी हे असं केंद्र आहे, आणि पुण्यात एनसीसीएसचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह केंद्रही. प्रत्येक केंद्र प्रत्येक प्रकारचा नमुना घेतंच असं नाही, म्हणून आधी विचारून घ्या. व्हेक्टरचा जीनोम प्लाझ्मिडमध्ये असेल, तर विषाणूऐवजी प्लाझ्मिड असलेला ई. कोलाय जमा करता येईल का, हेही विचारा. नमुना अर्जाच्या तारखेपर्यंत जमा झालेला असला पाहिजे, आणि त्याचा संदर्भ स्पेसिफिकेशनमध्ये अर्जापासून तीन महिन्यांत यायला हवा.

जीनोमचा पूर्ण क्रम आणि बांधणीची प्रत्येक पायरी लिहिली असेल तर नमुन्याची गरज पडत नाही, असं म्हणता येतं. तरी दोन्ही करावं, असं माझं मत आहे.

सीक्वेन्स लिस्टिंगसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर १ जुलै २०२२ पासून एसटी.२६ हा एक्सएमएल नमुना लागू आहे. वायपोचं (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं) मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. फाइल शेवटच्या रात्री बनवू नका. प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा), अँटिजेन, वगळलेली जनुकं, प्रत्येकाला क्रमांक लागतो, आणि मजकुरातल्या क्रमांकांशी एक जरी जुळला नाही तरी अहवालात त्याची नोंद होते.

आता जैवविविधता. अँटिजेनचं जनुक भारतातल्या रुग्णाकडून वेगळ्या केलेल्या विषाणूचं असेल, किंवा अ‍ॅडज्युव्हंट इथल्या वनस्पतीतून काढलेलं असेल, तर जैवविविधता कायदा लागू होऊ शकतो. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार भारतीय अर्जदारांना पेटंट मिळण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडं नोंदणी करावी लागते. परदेशी संबंध असलेल्या अर्जदारांना पूर्वपरवानगी लागते. संस्थेत परकीय भागभांडवल असेल तर आपण कुठल्या गटात बसतो ते आधी तपासा. बाकी सगळ्या हरकती मिटूनही या एका कागदापायी अर्ज अडकून पडू शकतो. घटक बाहेरचा असला तरी स्रोत लिहावाच. क्यूएस-२१ हे सॅपोनिन चिलीतल्या क्विलाजा झाडाच्या सालीतून येतं, तर तसं लिहा.

५. क्लेम लिहिताना

आमचा पहिला क्लेम साधारण असा होता: "अ‍ॅडिनोव्हायरस व्हेक्टर आणि अ‍ॅडज्युव्हंट असलेली लस." आमच्याकडं उदाहरण होतं एका व्हेक्टरचं आणि एका अ‍ॅडज्युव्हंटचं. मागणी मात्र सगळ्या जगावर. अहवालात त्यावर नावीन्य नाही, कल्पकता नाही, वर्णनाचा आधार नाही, अशा तिन्ही हरकती आल्या.

शेवटी जो मंजूर झाला त्यात व्हेक्टरचा प्रकार आणि वगळलेली जनुकं, अँटिजेनचा सीक्वेन्स क्रमांक, अ‍ॅडज्युव्हंटचं नेमकं नाव, एका डोसमधल्या कणांची मर्यादा, व्हेक्टर आणि अ‍ॅडज्युव्हंटचं प्रमाण, आणि बफर, एवढं सगळं होतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून जिन्याच्या पायऱ्यांसारखे क्लेम लावा: वरचा रुंद, त्याखालचे एकेक पायरी अरुंद. कारण कलम ५९ नुसार नंतर क्लेम फक्त आकसता येतात, मूळ क्लेमच्या बाहेर जाता येत नाही. खालची पायरीच नसेल तर उतरायला जागा राहत नाही.

कुठले क्लेम इथं चालत नाहीत:

- लस देण्याची पद्धत. पहिला डोस, मग २८ दिवसांनी बूस्टर, हे प्रतिबंधक उपचारात मोडतं आणि कलम ३(आय) खाली अडतं. अमेरिकेतला क्लेमसंच जसाच्या तसा इथं आणणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं. मूळ संचात कॉम्पोझिशनचा, म्हणजे मिश्रणाचा, क्लेमच नसेल, तर पद्धतीचा क्लेम नंतर कॉम्पोझिशनमध्ये बदलणं फार अवघड जातं.
- "अमुकचा वापर" असा क्लेम. इथं पेटंट वस्तूला किंवा प्रक्रियेला मिळतं.
- निसर्गात आहे तसाच विषाणू. कलम ३(सी). जनुकं बदललेल्या व्हेक्टरला ही अडचण येऊ नये, पण "वेगळा केलेला विषाणू" असे शब्द टाळा.
- व्हेक्टर वाढवण्यासाठी वापरलेल्या प्राणिज पेशींवरचा क्लेम. कलम ३(जे) ची हरकत येते.

जिवंत विषाणू असलेली लस पेटंटयोग्यच नाही, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. कोंबड्यांच्या संसर्गजन्य बर्सायटिसवरच्या लसीच्या प्रक्रियेबाबत डिमिनाको प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयानं २००२ साली निकाल दिला होता. शेवटच्या उत्पादनात जिवंत विषाणू आहे एवढ्याच कारणावरून पेटंट नाकारता येत नाही.

६. परीक्षणाची विनंती करा

अर्ज केला म्हणजे परीक्षण आपोआप होत नाही. फॉर्म १८ भरावा लागतो. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्याची मुदत प्राधान्य तारखेपासून (त्या शोधाच्या सगळ्यात पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिने आहे, पूर्वी ४८ होती. जुनी माहिती सांगणारे अजून बरेच आहेत. मुदत चुकली तर अर्ज मागं घेतल्याचं धरलं जातं.

स्टार्टअप, लघुउद्योग, सरकारी संस्था यांना फॉर्म १८ए भरून जलद परीक्षण मागता येतं. त्यासोबत लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९ लागतो, नाहीतर अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. स्त्री अर्जदारालाही ही सोय आहे, पण अर्जदार व्यक्ती असतील तरच. अर्ज कंपनीच्या नावावर आणि शोधक स्त्री, एवढ्यानं भागत नाही. आमची चूक इथंच झाली होती.

डेटा पुरेसा नसेल तर जलद परीक्षण मागू नका, असं मी स्पष्ट सांगेन. हरकत लवकर आली म्हणून उंदीर लवकर अँटिबॉडी बनवत नाहीत.

७. पहिला परीक्षण अहवाल आला की

एफईआर हातात पडला की घड्याळ सुरू होतं. उत्तराला सहा महिने, फॉर्म ४ भरून आणखी तीन. फॉर्म ३ ची ताजी माहिती मात्र अहवालाच्या तारखेपासून तीनच महिन्यांत द्यायची असते. दोन मुदती वेगळ्या आहेत. दोन्ही भिंतीवर लिहून ठेवा.

नवे प्रयोग करायचे असतील तर उलटं मोजा. नीतिसमितीची मंजुरी, उंदीर येऊन रुळायला लागणारे दिवस, पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, त्यानंतर दोन आठवड्यांनी रक्त आणि प्लीहा, मग एलायझा, एलिस्पॉट, न्यूट्रलायझेशन या अँटिबॉडी आणि टी-पेशी मोजणाऱ्या चाचण्या. सहा महिने कुठं गेले ते कळत नाही. म्हणून अहवाल आला त्याच आठवड्यात समितीकडं अर्ज टाका.

उत्तर लिहिताना प्रत्येक हरकतीला वेगळा परिच्छेद द्या. एक्झामिनर बहुधा एक जुना दस्तऐवज व्हेक्टरचा आणि दुसरा अ‍ॅडज्युव्हंटचा देतो आणि म्हणतो, दोन्ही जोडले की तुमची लस. दोन्ही दस्तऐवज स्वतः पूर्ण वाचा, फक्त सारांश नको. आमच्या बाबतीत अ‍ॅडज्युव्हंटच्या दस्तऐवजातली सगळी उदाहरणं प्रथिन-अँटिजेनची होती, विषाणूचं एकही नाही. ही गोष्ट एजंटच्या नव्हे, प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ सहकाऱ्याच्या लक्षात आली, आणि आमच्या उत्तरातला सगळ्यात भक्कम परिच्छेद त्यावरच उभा राहिला.

कलम ३(डी) चीही हरकत येऊ शकते. ज्ञात पदार्थाचं नुसतं नवं रूप परिणामकारकता वाढल्याशिवाय शोध धरलं जात नाही, असं ते सांगतं, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात ज्ञात पदार्थांच्या संयोगांचाही उल्लेख आहे. नोव्हार्टिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारात्मक परिणामकारकता, असा अर्थ लावला. म्हणून कुपी जास्त दिवस टिकते एवढं सांगून थांबू नका, प्राण्यांना संसर्ग देऊन मिळालेल्या संरक्षणाचा डेटा असेल तर तो पुढं करा.

नंतर केलेले प्रयोग शपथपत्रासोबत देता येतात. पण ते स्पेसिफिकेशनमध्ये आधीच म्हटलेल्या गोष्टीला बळ देणारे हवेत. अर्जात कुठंही मात्रा-बचतीचा शब्द नसेल आणि तुम्ही दोन वर्षांनी त्याचा आलेख आणला, तर तो फार उपयोगी पडणार नाही.

८. सुनावणी आणि त्यानंतर

अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याचं, म्हणजे कंट्रोलरचं, समाधान झालं नाही तर सुनावणी लागते. वेळ थोडा असतो. एजंटसोबत शास्त्रज्ञानंही बसावं. कंट्रोलरनं आम्हाला सरळ विचारलं, वेगवेगळ्या पायात दिल्यावर काय झालं? तोवर आमच्याकडं तो गट होता. मी आलेख स्क्रीनवर ठेवला, आणि पुढची चर्चा क्लेममधल्या प्रमाणाच्या मर्यादेवर गेली. लेखी म्हणणं सुनावणीनंतर १५ दिवसांत द्यायचं असतं. सुधारित क्लेमचा मसुदा सुनावणीच्या आधीच तयार ठेवा.

अर्ज नाकारला गेला तर तीन महिन्यांत अपील करता येतं. मुंबई कार्यालयाच्या निर्णयावर ते मुंबई उच्च न्यायालयात जातं. पेटंट मिळालं तर मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभर कुणीही हितसंबंधी विरोध दाखल करू शकतो. आणि मंजुरी उशिरा आली असेल, तर तिसऱ्या वर्षापासूनच्या साठलेल्या नूतनीकरण फीचं बिल एकदम समोर येतं. नोंदवहीत नोंद झाल्यापासून ती तीन महिन्यांत भरायची असते. मंजुरीचा ईमेल आला त्याच दिवशी लेखापालाला कळवा.